टेबल क्रमांक तीन

"तू नको हात लावू. तुमच्या वस्तीत आकडे टाकून लाईट घेतात. इथं आकडा चालत नाही."

नववीचा वर्ग. मोहन्यातली शाळा. टेबलावर दोन सेल, एक छोटा बल्ब, एक कळ, तीन वायरी. बाईंनी पाच-पाच जणांचे गट केले होते. आमच्या गटातल्या चौघांनी वायरी लावल्या, बल्ब पेटवला, विझवला. माझी पाळी आली तेव्हा बाई हे बोलल्या. ओरडून नाही, सहज. वहीवर लाल पेनानं खूण करावी तसं. वर्ग हसला.

मी पुढे केलेला हात मागे घेतला. मग तो स्कर्टला पुसला. त्याला काहीही लागलेलं नव्हतं, तरी पुसला.

वस्तीत आकडे होते, खोटं कशाला सांगू. आमची वस्ती विहाराच्या मागं. तिथं ज्यांच्याकडे घराचा कागद नव्हता त्यांना मीटर मिळत नव्हता. मग तारेवर आकडा. पण त्याच खांबावरून शेजारच्या नव्या बिल्डिंगच्या बांधकामालाही आकड्याचीच लाईट होती. त्या बिल्डरचा मुलगा आमच्याच वर्गात होता. त्याला कोणी हात मागे घ्यायला लावला नाही.

आणि आमच्या घरी तर मीटर होता. मीटर बसला त्या दिवशी आईनं शेजारपाजारी साखर वाटली होती. दर रविवारी ती त्याची काच पुसायची. कोरड्या फडक्यानं. ओलं लावायचं नाही, हे तिला वायरमननं सांगितलं होतं.

संध्याकाळी मी आईला घडलेलं सांगितलं. ती नळावर हंडा लावून उभी होती.

"मग सांगितलं न्हाईस, आमच्याकडं मीटर हाय म्हनून?"

"नाही."

"का गं? तवा तोंड कुठं गेलतं तुझं?"

तीस वर्षं तो प्रश्न माझ्याबरोबर राहिला.

आज मी कल्याणच्या एका शाळेत प्रयोगशाळा परिचर आहे. सामान काढणं, मांडणं, पुसणं, मोजणं, परत ठेवणं हे माझं काम. नोकरी करता करता मुक्त विद्यापीठातून बी.एस्सी. केलं, भौतिकशास्त्र घेऊन. मला याद्या करायची सवय आहे. पट्टीचुंबक चौदा. ते जोडीनं ठेवायचे, एकाचा उत्तर ध्रुव दुसऱ्याच्या दक्षिण ध्रुवाशेजारी, दोन्ही टोकांना मऊ लोखंडाच्या पट्ट्या. नाहीतर वर्षभरात चुंबकत्व उतरतं. होकायंत्रं बारा, त्यातल्या दोनांच्या सुया अडकतात. ॲमीटर आठ, व्होल्टमीटर आठ. प्रत्येक ट्रेमध्ये माझ्या हातची चिठ्ठी असते: ॲमीटर एकसर, व्होल्टमीटर समांतर.

हे घोकायचं कारण नाही, समजलं की पुरतं. ॲमीटरचा स्वतःचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, अगदी कमी असतो. धारा त्याच्यातून जायला हवी म्हणून तो वाटेतच बसवायचा, रोधाच्या आधी किंवा नंतर. तोच रोधाला समांतर लावला, तर धारेला रोध टाळून जायला मोकळी वाट मिळते. बहुतेक सगळी धारा ॲमीटरमधून धावते. आत बारीक तारेचं वेटोळं असतं. ते जळतं.

दहावीच्या कुठल्याही मुलाला मी हे समजावू शकते. पण तास सुरू झाला की माझं स्टूल दाराबाहेर.

विज्ञानाचे सर माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. ते मला मावशी म्हणतात. झाडू मारणाऱ्या बाईंना मावशी, मलाही मावशी. ऑफिसातल्या क्लार्कबाईंना मात्र मॅडम.

शाळेत एक रीत आहे. वस्तू कोणाच्याही हातून फुटो, मोडतोड नोंदवहीत सही परिचराची. मी आधी दोनदा सही केली आहे. एकदा सरांच्या आधीच्या बाईंनी लोलक पाडला. एकदा कुणा पाहुण्यानं चुंबक फरशीवर आपटला. "तुम्ही करा हो सही, तुम्हाला कोण विचारतंय?" मी केली. तेव्हा काही वाटलं नाही. खोटं. वाटलं होतं, गिळलं. पुढं प्रयोगशाळा सहायकाची जागा रिकामी झाली. माझं शिक्षण बसत होतं, वर्षं बसत होती. अर्ज परत आला. त्याला याच दोन नोंदींच्या झेरॉक्स टाचलेल्या होत्या. शेरा: निष्काळजी.

यंदा जागा पुन्हा निघाली. मी पुन्हा अर्ज केला. तो मुख्याध्यापिकांच्या टेबलावर होता, तेव्हाची ही गोष्ट.

दहावीला ओहमचा नियम होता. टेबल क्रमांक तीनवर मी सकाळीच जोडणी करून ठेवली, तपासली, कळ काढून बाजूला ठेवली. सर आले ते फोनचा स्टँड घेऊन. व्हिडिओ काढून शाळेच्या ग्रुपवर टाकायचा होता.

"मावशी, हा काय गुंता? दोन्ही मीटर शेजारी शेजारी पाहिजेत. एका लाईनीत. व्हिडिओत नीट दिसायला नको?"

"सर, मीटर हलवा, पण वायरी—"

"मी बघतो. तुम्ही बसा."

मी बाहेर जाऊन बसले. दारातून टेबल दिसतं. सरांनी वायरी काढल्या आणि पुन्हा लावल्या. ॲमीटर रोधाला समांतर, व्होल्टमीटरही समांतर. दिसायला सुंदर. अगदी एका लाईनीत.

पहिल्या बाकावर रोहिणी बसते. आंबिवलीहून येते, चाळीत राहते. तिनं हात वर केला.

"सर, ॲमीटर समांतर लागलाय."

सर फोनकडे बघतच बोलले, "अरे वा, इंजिनिअर मॅडम! तुमच्या चाळीत आकड्यावर लाईट, आणि मला जोडणी शिकवता?"

वर्ग हसला. तेच हसू. मी ते कुठंही ओळखीन.

रोहिणीनं हात खाली घेतला. मांडीवर ठेवला. मग स्कर्टला पुसला.

मी उठले. दाराच्या आत गेले. तास चालू असताना मी कधी आत जात नाही.

"सर, ती बरोबर सांगतेय. कळ लावू नका."

"मावशी, तुमचं स्टूल बाहेर आहे ना?"

आणि त्यांनी कळ लावली. ॲमीटरचा काटा उजव्या टोकाला आपटला आणि वाकला. व्होल्टमीटरचा काटा शून्याजवळून हललासुद्धा नाही. जळका वास आला. मागून कुणीतरी ओरडलं, "सर, वरण लागलं!" पुन्हा हसू. सरांनी कळ काढली, फोन खिशात घातला. तो व्हिडिओ पुढं कोणाला दिसला नाही.

मग ते माझ्याकडे वळले. चाळीस मुलांसमोर. "मावशी, काय लावून ठेवलंत हे?"

बोलण्याआधी करायचं काम होतं. तास संपल्यावर मी टेबल क्रमांक तीनची एकही वायर काढली नाही. सप्लायचा प्लग काढला, वर स्वच्छ चादर टाकली, प्रयोगशाळेला कुलूप लावलं आणि खाली गेले.

मुख्याध्यापिकांनी नोंदवही आधीच मागवली होती. मी ती काखेत धरून उभी राहिले. सर खुर्चीवर बसले होते.

"एक ओळ लिहायचीय हो," मॅडम म्हणाल्या. "'परिचराकडून चुकीची जोडणी झाल्याने ॲमीटर जळाला.' सही करा, विषय संपला."

"मॅडम, जोडणी सरांची होती."

"असेल."

सर खिडकीकडे बघत होते. मॅडमनी पेन माझ्याकडे सरकवलं. "त्यांचं करिअर आत्ता सुरू होतंय. आणि तुम्हाला तर सांभाळून घ्यायची सवय आहे. तुम्ही समजूतदार. तुमच्यातल्या बाकीच्यांसारख्या नाही आहात."

तुमच्यातल्या. हा शब्द त्यांनी शिवी म्हणून वापरला नव्हता. कौतुक म्हणून वापरला होता.

"मॅडम, वर चला. वायरी अजून तशाच आहेत. बघा आणि मग सांगा काय लिहायचं."

"मला त्यातलं काय कळणार?"

"पुस्तकात आकृती आहे. पुस्तक मी देते."

"बाई, अर्ज माझ्याकडेच आहे तुमचा. विसरू नका."

विसरले नव्हते. तिसरी सही केली तर ती जागा मला कधीच मिळणार नाही. नाही केली तर अर्जावर शिफारस होणार नाही. दोन्हीकडे नुकसान माझंच. हे एकदा स्वच्छ दिसलं आणि मी पेन उचललं. नोंदवही त्यांच्याच टेबलावर उघडली आणि उभ्यानं लिहिलं:

"ॲमीटर एक, जळाला. कारण: रोधाला समांतर जोडला. परिचराने केलेली मूळ जोडणी सरांनी बदलली. विद्यार्थिनीने व परिचराने सूचना देऊनही कळ लावली. जोडणी पाहणीसाठी टेबल क्रमांक तीनवर ठेवली आहे."

खाली दोन आकृत्या काढल्या, माझी आणि सरांची. खाली माझी सही.

सर म्हणाले, "मावशी, हे महाग पडेल."

मी म्हटलं, "माझ्या नावानं हाक मारा. नोंदवहीत लिहिलेलं आहे."

चौथ्या दिवशी लेखी सूचना आली: टेबल क्रमांक तीन तात्काळ मोकळे करावे. मी लेखी उत्तर दिलं: पाहणी झाल्यावर करीन. मग दुसरी सूचना: वरिष्ठांशी उद्धट वर्तन केल्याबद्दल खुलासा करावा. खुलासा केला. दोन्हीच्या प्रती फाईलला लावल्या. शिफारस झाली नाही. अर्ज परत आला आहे, या वेळी शेऱ्याशिवाय. शेरा काय, हे मी लेखी विचारलं आहे.

या दिवसांत एकदा मधल्या सुट्टीत रोहिणी आली होती.

"मावशी, मी सही करू का नोंदवहीत? मी बघितलंय सगळं."

"मावशी नाही. बाई म्हण. आणि सही नको, तुझी दहावी आहे. हा ट्रे घे आणि जोडणी कर."

तिनं केली. सावकाश, ओठ घट्ट मिटून. कळ लावली. काटा हलला आणि पट्टीच्या मध्यावर थांबला. तिनं आकडे वाचले, विभवांतराला धारेनं भागलं, रोध काढला. तिला आनंद झाल्याचं दिसलं नाही. ती खाली बघत म्हणाली, "बाई, आमच्या घरी मीटर आहे."

तीस वर्षांपूर्वी मला जे बोलता आलं नव्हतं, ते ती बोलली. आणि ते ऐकताना मला कळलं की ते उत्तर मुळातच चुकीचं होतं. आईनं सुचवलेलंही आणि मी मनात धरून ठेवलेलंही.

"असेल," मी म्हटलं. "नसता तरी ॲमीटर समांतरच लागला होता."

तिनं मान हलवली आणि वायरी काढून ज्या क्रमानं होत्या त्या क्रमानं ट्रेमध्ये ठेवल्या.

आज सतरावा दिवस. बाकीच्या टेबलांवर प्रयोग चालतात. मी रोज सगळी टेबलं पुसते, फक्त तीन सोडून. चादरीवर धूळ बसते आहे. सर त्या बाजूनं जात नाहीत. शिपाई सांगतो, किल्ली काढून घेणार आहेत. घ्यायची तर पोच लिहून द्यावी लागेल. पोचेचा मजकूर मी तयार ठेवला आहे आणि त्यात टेबल क्रमांक तीनची जोडणी वायर-वायर लिहिली आहे.

टेबल मी मोकळं करणार नाही. ज्यांना ते मोकळं हवं आहे त्यांनी जिना चढून वर यावं, चादर उचलावी, पुस्तक उघडावं, एकेका वायरीवरून बोट फिरवावं आणि मुलांसमोर, माझ्यासमोर सांगावं, ही जोडणी कोणाची.