नंबर हरवलेला दगड

घोडचूक माझीच. आमची प्रज्ञा रायपूरला जिऑलॉजीत एम.एस्सी. करत होती. तिने फील्डवरून आणलेला एक काळा दगड खुर्सीपारच्या आमच्या घरी टेबलावर पिशवीत पडला होता. मी पिशवी कचऱ्यात टाकली, दगड साबणाने घासला आणि मागचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याला टेकवून ठेवला. वर शाबासकीची वाट बघत बसलो!

"बाबा! नंबर पिशवीवर होता ना!" प्रज्ञा रडायलाच लागली. "आता हा कुठला, कैसे बताऊं सर को? बेकार झाला."

तिचं सगळं डिझर्टेशन एवढ्याच प्रश्नावर – हा दगड म्हणजे अब्जावधी वर्षांपूर्वीचा लाव्हा, पुढे जमिनीत दबून, भाजून बदललेला. पण मुळात तो बाहेर पडला कुठे? जमिनीवर की समुद्राखाली? बिचारी भर उन्हात जाऊन दुसरा दगड घेऊन आली. पहिला दारातच राहिला.

भूतबित मी मानत नाही. भ्यायला बायको पुरेशी आहे. पण बाहेर लूचा गरम, कोरडा वारा चालू असताना त्या दगडाखाली ओल येऊ लागली. फरशीवर पसरायची, मग मागे सरत दगडाखाली नाहीशी व्हायची... दिवसातून दोनदा. रोज थोडी उशिरा. नळ बघितला, मोरी बघितली. शेवटी बोट लावून चाटलं – खारट.

"सुकट आनली का लपवून?" बायको म्हणाली.

"नाही वं."

"मंग हे काय वास मारून राहिलं?"

दगडाला हात लावला. थंडगार. हात काढेपर्यंत ओल माझ्या पायाच्या बोटांना लागली होती...

प्रज्ञाला बोललो नाही. नंबर हरवणारा बाप आता वेडाही झाला, हे तिला परीक्षेच्या तोंडावर कशाला?

तिच्या फील्डवरच्या बाकीच्या दगडांचा लॅब रिपोर्ट आला – समुद्राच्या तळाचे. पोरगी पास झाली, आणि त्या आनंदात आम्ही जन्मात पहिल्यांदा समुद्र बघायला पुरीला गेलो.

वाळूत खुर्च्या टाकून बसलो, तर चहावाला म्हणाला, "साहब, कुर्सी पीछे लो, पानी चढ़ेगा. दिन में दो बार चढ़ता है, रोज थोड़ा लेट."

माझा कप हातातच राहिला. तिथेच प्रज्ञाला सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "दगडात एवढी वर्षं समुद्र टिकत नाही, बाबा." बरोबरच असेल. मला आजही उलगडा नाही.

बायकोने मात्र लांब श्वास घेतला. "हा तं आपल्या मागच्या दाराचा वास होय."

मग पाण्याकडे बघत हळूच म्हणाली, "अवो... त्याले एकट्याले घरी कावून ठेवलं? आनाले पाह्यजे होतं."