यरीहोची नाचरी भिंत

मिशन शाळेच्या अंगणात सुनंदाबाई मुलांना बायबलमधली यरीहो शहराची गोष्ट नाचातून शिकवत होत्या. निम्मी मुलं हातात हात गुंफून शहराची भिंत झाली होती आणि बाकीची लेझीम खेळत तिच्याभोवती फिरत होती. सातव्या फेरीला देवाचा जयजयकार झाला की भिंतीनं कोसळायचं, एवढंच काम.

पण तिसऱ्याच फेरीला भिंत डोलायला लागली.

"अरे, भिंत आहात ना तुम्ही!" बाई ओरडल्या.

"बाई, लेझीम वाजल्यावर गप्प उभं कसं राहायचं?" भिंतीतून उत्तर आलं.

मी हाताची घडी घालून खांबापाशी उभा होतो. देवाचं वचन नाचून सांगायचं नसतं, असं चर्चच्या मंडळीच्या सभेत मीच ठणकावलं होतं. ही गोष्ट मी जन्मभर ऐकत आलो, पण भिंतीच्या मनाचा विचार कधी केला नव्हता. कोण जाणे, ती हरून पडलीच नसेल. तिलाही उभं राहवलं नसेल.

तेवढ्यात बाईंची नजर ठेका धरलेल्या माझ्या पायावर गेली.

"काका," त्या हसून म्हणाल्या, "तुमची कितवी फेरी?"