करवतीला घातलेला हार

झेंडूचा हार करवतीच्या साखळीत ओढला गेला तेव्हा त्याच्या दोऱ्यात आमच्या ह्यांचं बोट अडकलेलं होतं. दोरा तुटला, बोट सुटलं आणि अंगणभर पाकळ्या उडाल्या. हे मटकन पायरीवर बसले.

अंगणातला शेवगा छाटायला लेकीने ही बॅटरीची करवत आमच्या ठाकुर्लीच्या घरी आणून दिलेली. दसऱ्याला घरातल्या हत्यारांची पूजा करतात, म्हणून कोयता आणि विळीशेजारी मी तीही मांडली, हळदकुंकू लावून वर हार गुंडाळला. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी आधी बॅटरी बसवली आणि मग हार सोडवायला घेतला. डाव्या हाताने दोरा ओढताना उजव्या मुठीत सेफ्टीचं बटण आणि खटका, दोन्ही दाबले गेले.

"लेक काय सांगून गेलेली? साखळीला हात लावायचा तर बॅटरी बाहेर," मी म्हटलं.

"आणि हार कोणी घातला?"

"हार मी घातला. बोट तुम्ही घातलंत."

ह्यांना हसू आलं. मग बॅटरी काढून माझ्या हातात दिली, साखळीतला दोरा काढला, बॅटरी परत बसवली आणि चष्मा, बूट घालून जमिनीवर उभ्यानेच खालच्या फांद्या कापल्या. जेवायला शेंगांची आमटी केली.

आता दसऱ्याला बॅटरी वेगळ्या ताटलीत असते. ह्यांची दहाही बोटं शाबूत आहेत.