काटा दोनवर होता

नाईक सुधीर परब गेला त्या सकाळी आमच्या तंबूतला आल्टिमीटर चढला होता. पोस्ट होती तिथंच होती.

आल्टिमीटर सुधीरचा. आम्ही दोघं बोरीवलीचे, एकाच सोसायटीतले, एकाच प्लाटूनमध्ये. सुट्टीत नॅशनल पार्कच्या टेकड्यांवर हिंडताना तो वापरायचा. पोस्टवर चहा झाला की त्याच्या काचेवर टिचकी मारायची, ही आमची रीत. ते यंत्र खरं तर भोवतालच्या हवेचा एकूण दाब मोजतं आणि त्यावरून उंची दाखवतं. दाब उतरला की उंची चढते. पोस्ट हललेली नसेल, तर वादळ येतंय.

"पोस्टला प्रमोशन मिळालं रे," सुधीर म्हणाला. "आपण तसेच नाईक."

हसताना त्याला खोकला आला. रुमालावर गुलाबी फेस होता.

उंचीवरच्या विरळ हवेनं फुफ्फुसांत पाणी झालं होतं. ऑक्सिजन लावला, तरी श्वास सुधारेना. नर्सिंग असिस्टंट भोसलेंनी त्याला हॅपो बॅगेत झोपवलं. ही माणूस मावेल एवढी हवाबंद पिशवी. पायपंपाने आत हवा भरली, की आजारी माणूस जणू डोंगर उतरून खाली येतो. तिचा गेज मात्र आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक तेवढा दाखवतो, पीएसआय या मापात.

"काटा दोन पीएसआयवर ठेवा. पंप थांबवायचा नाही," भोसले म्हणाले.

मी पंप मारत राहिलो. रेडिओवर उत्तर आलं, "चॉपर निघू शकत नाही. हवामान. ओव्हर."

मी आल्टिमीटरकडे पाहिलं. तो अजून चढला होता. बाहेरचा दाब उतरत होता, म्हणजे पिशवीतलाही तेवढाच उतरत होता. गेजवर दोनच.

"आणखी भरू?"

"दोनच्या वर व्हॉल्व्ह उघडतो," भोसले म्हणाले. "जास्तीची हवा राहणार नाही."

पिशवीच्या प्लास्टिकच्या खिडकीतून सुधीरचे निळे ओठ दिसत होते.

"काटा काय म्हणतो रे?" त्यानं आतून विचारलं.

"दोनवर आहे."

"मग तोंड कशाला पाडतोस?"

त्यानंतर तो बोलला नाही. भोसलेंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तरी माझा पाय चालूच होता.

वादळ ओसरल्यावर चॉपर आलं.

बोरीवलीत त्याच्या आईनं, मी त्यांना काकी म्हणतो, एकच विचारलं. "हवा कमी पडली काय रे तेका?"

मी हो म्हणालो. बाहेरचा दाब उतरला आणि काटा दोनवरच राहिला, ते सांगितलं नाही.

सामानातून आल्टिमीटर घरी आला. तो काकींच्या कपाटावर असतो. त्या धूळ पुसतात. मी गेलो की टिचकी मारतो. काटा थोडा हलतो. घर तिथंच आहे.