कडक एकादशी आणि माझी साखर

डायबेटीसच्या गोळीवर माझ्याइतकी खूश बाई अख्ख्या ठाकुर्लीत सापडायची नाही. घोटभर पाण्याबरोबर गोळी गिळली की झालं! टोचाटोची नाही, पथ्याचं फार अवडंबर नाही. (पथ्याचं डॉक्टर सांगतात. मी ऐकून घेते.) समोरच्या सावंतवहिनी मात्र रोज तोंड वाकडं करून कारल्याचा रस प्यायच्या. मी त्यांना दारातूनच ऐकवायची, "वहिनी, विज्ञान एवढं पुढे गेलं, तुम्ही अजून कारल्यातच?"

त्या सकाळी लॅबची मुलगी रक्त न्यायला घरी आली.

"काकू, फास्टिंग आहे ना?"

"म्हणजे काय! आज एकादशी. कडक उपास!"

"पाणी प्यायलात?"

"प्यायले बाई. निर्जळी नाही झेपत आता."

"पाणी चालतं, काकू."

चालतं म्हणाली! आजकालच्या पोरींना एवढं शास्त्र माहीत असतं, मला कौतुकच वाटलं. हात पुढे केला आणि डोळे घट्ट मिटले. सुईला मी जाम घाबरते. दोन बाळंतपणं परवडली, पण सुई नको!

संध्याकाळी मोबाईलवर रिपोर्ट आला. साखर अशी चढलेली की ह्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचला. "अगं, हा तुझाच ना?" डॉक्टरांना फोन लावला तर ते म्हणाले, "गोळी कमी पडतेय. उद्या या, इन्सुलिनचं बघू." माझं धाबंच दणाणलं. म्हणजे रोज सुई? रोज?

बातमी जिन्यात पोचायच्या आत सावंतवहिनी रसाची बाटली घेऊन हजर! "घ्या. विज्ञान राहू दे जरा." आणि मी तो प्यायले हो, नाक दाबून, एका दमात! त्या कडू रसापेक्षा गोळीचा राग जास्त आला. एवढी हिची तारीफ करत फिरले, आणि ही ऐनवेळी उलटली!

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मी रडकुंडीला आलेले. "डॉक्टर, एक गोळी चुकवलेली नाही हो!"

"आदल्या रात्री काही गोड?"

"छे!"

"आणि सकाळी?"

"सकाळी तर उपासच होता."

बरोबर आलेले हे नेमके तेव्हाच बोलले. "साबुदाण्याची खिचडी मात्र फक्कड झालेली."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "रक्त दिल्यानंतर खाल्लीत ना?"

"आधी," हे म्हणाले. "नंतर रताळी होती."

"आणि राजगिऱ्याचा लाडू खिचडीबरोबरच," मी सांगून टाकलं. डॉक्टरांपासून काय लपवायचं?

"अहो काकू, उपाशीपोटी रक्त द्यायचं होतं!"

आता मात्र माझं डोकं फिरलं. "डॉक्टर, उपासाला कुणी उपाशी राहतं का?"

डॉक्टर हसले ते हसलेच, पण प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडचे पेशंटसुद्धा खिदळायला लागले! रिक्षात हे घरापर्यंत "एकादशी, दुप्पट खाशी" पुटपुटत होते.

तपासणी पुन्हा झाली. ह्या वेळी पोटात कावळे ओरडत होते आणि हे स्वयंपाकघराच्या दारात पहाऱ्याला उभे. साखर आली की जागेवर! सुई टळली.

"काकू, गोळी चोख काम करतेय," डॉक्टर म्हणाले. "तुमच्याबद्दल तिचं काय म्हणणं आहे, ते मात्र कळायला मार्ग नाही."

बरं झालं बाई, गोळीला तोंड नाही. आमच्या दोघींत तोंड असलेली मी एकटीच, आणि ते खायलाही चालतं, बोलायलाही!