डाव्या पायावरचं वळण

होटगीत रेल्वे फाटकाच्या पलीकडं मायाप्पाचं घर. तो रुळांखालची खडी सारखी करणाऱ्या ठेकेदाराच्या टोळीत कामाला होता आणि त्याची बायको कस्तुराबाई घरची शेरडं राखायची. त्यांच्या एकुलत्या एका पोरीचं नाव प्रियदर्शनी. अंगणवाडीच्या बाईंनी सुचवलं म्हणून नाव ठेवलं खरं, पण घरात ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही. आईबापाला ती पिरीच होती.

पिरी खो-खो खेळायची. खेळायची म्हणजे खुंटावर सूर मारायची. पळणारी पोर खुंटाला वळसा घालून आता निसटलीच असं वाटेपर्यंत पिरी मागून यायची, एका हातानं खुंट कवळायची आणि सगळं अंग हवेत झोकून दुसऱ्या हातानं तिची टाच गाठायची. उठायची तेव्हा कोपरं सोललेली असायची, केसात माती आणि तोंडभर हसू. शाळेतले खेळाचे नंदीश सर म्हणायचे, "ह्या पोरीला खुंट दिसला की जमीन दिसतच न्हाय." त्यांनी तिला सहावीत हेरली आणि कॉलेजात गेली तरी सोडली नाही. सराव लांबला तर स्वतःच्या गाडीवरून घरी आणून सोडायचे. कस्तुराबाई त्यांना तांब्याभर ताक दिल्याशिवाय जाऊ द्यायची नाही.

अशाच एका संध्याकाळी सरांनी मायाप्पाला समजावून सांगितलं, की पोरगी राज्याच्या संघातून राष्ट्रीय स्पर्धा खेळली तर खेळाडूंच्या राखीव जागेतून पोलिसात, नाहीतर रेल्वेत लागू शकते.

"रेल्वेत?" मायाप्पा हसला. "म्हंजे बाप ठेकेदाराचा आन पोरगी सरकारची म्हना की."

तेव्हापासून तो कामावरून आला की आधी पिरीच्या पायांकडं बघायचा. दुसऱ्याच्या रानातल्या उभ्या पिकाकडं माणूस बघतो तसं, हौसेनं आणि थोडं भीतभीत.

जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात पिरीनं धावता धावता एकदम दिशा बदलली. उजवा पाय मातीत रुतला आणि अंग तेवढं वळलं. गुडघ्यात ओली काटकी मोडावी तसं काहीतरी झालं. आवाज तिला एकटीलाच ऐकू आला. ती उठली, डाव संपवला, करंडकाबरोबर फोटोही काढला. रात्रीपर्यंत गुडघा सुजून भोपळ्यासारखा झाला.

सूज लेपानं उतरली, पण गुडघा दगा द्यायला लागला. उंबऱ्यावरून उतरताना मधूनच सरकायचा, जणू आतली खीळच कुणी काढून नेली होती. शेवटी कस्तुराबाई तिला गुपचूप सोलापूरला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी गुडघा वाकवून नडगी पुढं ओढून पाहिली आणि म्हणाले, "लिगामेंट फाटलंय असं दिसतंय. एमआरआय काढू. तोवर खेळ एकदम बंद."

परतीच्या एसटीत पिरी खिडकीला डोकं टेकून बसली होती. जिल्ह्यातल्या खेळावरून तिला राज्याच्या संघाच्या शिबिराचं बोलावणं आलं होतं. ते सोलापुरातच भरणार होतं आणि शिबिराच्या पहिल्याच दिवशी शारीरिक क्षमतेची चाचणी होती. चाचणीत जी बसणार नाही तिनं घरी जायचं.

"आये, बाला सांगू नको," ती म्हणाली. "सरांना बी नको."

कस्तुराबाईचं माहेर अक्कलकोटकडचं. घाबरली की तिच्या तोंडून कानडीच यायची. "ब्याड गं, ब्याड," ती म्हणाली. "नको. पाय ऱ्हायला तर बाकीचं ऱ्हाईल."

"एवढी स्पर्धा होऊ दे. मग तू म्हनशील त्या डाक्टरकडं येते. तुझी आन."

कस्तुराबाईला खेळातलं काही कळत नव्हतं, पण पोरगी घरात दुसरं काही मागत नव्हती. गप्प राहिली. पुढं ती सारखी म्हणायची, त्या दिवशी एसटीत बोंब मारली असती तर बरं झालं असतं.

सरांना कळलं नव्हतं असंही नाही. सूज त्यांनी पाहिली होती. त्यांनी विचारलं, "पाय बरा हाय का गं?" पिरी म्हणाली, "बरा हाय, सर. मुकामार होता." सरांनी पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर आपण खोटं बोललो नसतो, असं पिरीला नंतर कितीदा वाटलं. पण इतक्या वर्षांत सरांची एकही पोर राज्यापर्यंत गेली नव्हती. त्यांनी का विचारलं नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं.

चाचणीच्या दिवशी तिनं दुखणं मारायच्या दोन गोळ्या घेतल्या आणि गुडघ्याला पट्टी गुंडाळून वरून ट्रॅकपँट चढवली. वजन झालं, उंची झाली. बसून पुढं वाकायचं झालं. भिंतीशी उभं राहून वर उडी मारायची होती, ती तिनं सगळा भार डाव्या पायावर घेऊन मारली. शेवटी बीप टेस्ट. दोन रेघा आखलेल्या, स्पीकरवर पिपाणी वाजायची आणि वाजायच्या आत समोरची रेघ गाठून परत वळायचं. पिपाणी घाईवर येत जाते आणि पोरी एकेक करून गळतात.

सरळ धावायला गुडघा कुरकुरत नव्हता. खरी भीती वळायची. पिरीनं आधीच ठरवून ठेवलं होतं. रेघ आली की पावलं तोडून डावाच पाय टेकायचा आणि डाव्यावरच वळायचं. एकदाही उजव्यावर नाही. तिच्या शेजारच्या पोरी वाकून धापा टाकत बाहेर पडल्या, ती धावत राहिली. शेवटच्या तिघीत ती होती.

चाचणी घेणाऱ्या मॅडम नाव टिपून घेता घेता म्हणाल्या, "दम चांगला आहे तुझा. वळताना मात्र आळस करतेस."

मायाप्पानं त्या दिवशी सोलापुरातून बालुशाही आणली आणि टोळीतल्या प्रत्येकाच्या हातावर ठेवली.

राष्ट्रीय स्पर्धेत ती पहिला सामना खेळली. पहिला सूर नीट पडला आणि गडी बाद झाला. दुसऱ्या सुराला तिनं उजव्या पायावर झेप घेतली आणि पाय जागेवरच राहिला. ती खुंटाच्या अलीकडं पडली, पुन्हा उठली नाही. परक्या गावात, न कळणाऱ्या भाषेत बोलत लोक तिला उचलून घेऊन गेले.

ऑपरेशन व्हायला सात-आठ महिने गेले. आज कागद नाही, उद्या डॉक्टर नाहीत, परवा योजनेची मंजुरी नाही. तोवर गुडघ्यातली गादीही फाटून गेली होती. मोठ्या डॉक्टरांनी फोटो दिव्यावर धरला आणि म्हणाले, "पहिल्यांदा दुखावला तेव्हाच थांबली असतीस, तर पुन्हा खेळली असतीस. आता चालशील. त्यात समाधान मान."

"पहिल्यांदा म्हंजे कवा?" मायाप्पानं विचारलं.

कस्तुराबाईनं पदर तोंडाला लावला. मायाप्पाला तिथंच सगळं कळलं. तो पोरीवर ओरडला नाही, बायकोवरही नाही. पण त्या दिवसापासून नवरा-बायकोतलं बोलणं कामापुरतं राहिलं, आणि संध्याकाळी पिरीच्या पायांकडं बघायचं त्यानं सोडून दिलं.

तरी एकदा पिरीनं पोलीस भरतीचा अर्ज भरला. मैदानावर छातीला क्रमांक लावून उभी राहिली. पहिल्या वळणावरच गुडघा सरकला. उरलेलं अंतर ती चालत गेली. तोवर पुढच्या गटाच्या पोरी रेघेवर येऊन उभ्या होत्या आणि शिट्टी वाजवणारा हवालदार तिला हातानं बाजूला व्हायची खूण करत होता.

मग ती सोलापुरात गणवेश शिवायच्या कारखान्यात लागली. शाळांच्या खेळाच्या पँटींना बाजूची पांढरी पट्टी जोडायची. शेजारच्या मशीनवरच्या शांतम्मानं पहिल्याच दिवशी विचारलं, "डाव्या पायानं काय गं मशीन दाबतीस?" पिरी म्हणाली, "सवय हाय." दिवसभर बसून गुडघा आखडायचा. सुट्टी झाली की भिंतीला धरून उभं राहायचं, पाय सरळ होईपर्यंत थांबायचं, मग निघायचं. असं करता करता वर्षं गेली.

नंदीश सर मधल्या काळात फिरकले नव्हते. दवाखान्यात एकदा मोसंबी घेऊन आले होते आणि पलंगाशी न बसता गेले होते. ते अचानक एका रविवारी दारात उभे राहिले. केस पिकले होते.

"पोरींच्या चाचण्या हायेत. संघाबरोबर एक बाई लागतीया," ते म्हणाले. "तू ये. तुला जे कळतं ते मला बी कळत न्हाय."

पिरी नको म्हणणार होती. पण आतून कस्तुराबाई म्हणाली, "जा. घरात बसून तरी काय करनार?" पिरी गेली. मातीचा वास आल्यावर तिला रडू येईल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. उलट बरं वाटलं. चार रविवार गेली, पोरींना वाकायला, ताणायला शिकवलं. पोरी तिला ताई म्हणायला लागल्या.

त्यांच्यात वळसंगची वैजयंती होती. काटक, अबोल, आणि खुंटावर अशी झेपावायची की पिरी हातातलं काम टाकून बघत राहायची. तिचा बाप सिद्धलिंगप्पा शेतातलं काम टाकून तिला सरावाला सोडायला यायचा आणि सावलीत बसून राहायचा. वयोगटाचं तिचं हे शेवटचं वर्ष होतं.

चाचणीच्या दिवशी बीप टेस्ट सुरू झाली. पिरी रेघेपाशी उभी होती. वैजयंती आली, डावा पाय टेकून वळली. पुन्हा आली, पुन्हा डाव्यावरच वळली. पिरी दुसरं काही बघेनाशी झाली. पोर पावलं तोडत होती, अगदी तशीच. उजवा पाय नुसता जमिनीला लावून उचलत होती. पिरी धावतच मध्ये शिरली आणि वैजयंतीचा दंड धरला.

"थांब! पाय दाखव."

"ताई, सोडा! पिपाणी वाजली!"

"उजव्यावर वळत न्हायस तू. गुडघा दुखतोय का न्हाय? खरं सांग."

"गुडघा न्हाय हो. टाचेत बाभळीचा काटा मोडलाय, काल रानात. बाकी काय न्हाय."

"मी बी मुकामार म्हनलं होतं," पिरी म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "माझं बी कुणाला दिसलं न्हवतं." आणि तिनं चाचणी घेणाऱ्या साहेबांना हाक मारून सांगितलं, की ह्या पोरीचा गुडघा गेलाय, हिला खेळवू नका, मोडून जाईल.

साहेबांनी पिरीची लंगडी चाल पाहिली आणि एका खेळाडूचा शब्द मानला. आधी गुडघ्याचा फोटो आणा, मग बघू, असं त्यांनी ठरवलं. वैजयंती हात जोडत होती. टाच वर करून दाखवत होती. टाचेला माती होती, जखम बारीक होती, घाईत ती कुणी नीट पाहिलीच नाही. नंदीश सर नुसते उभे होते. ह्या वेळेला त्यांना चूक करायची नव्हती.

एमआरआयला नंबर लागून फोटो हातात येईपर्यंत संघ स्पर्धेच्या गावाला गेला होता. गुडघा ठणठणीत होता. लिगामेंट, गादी, सगळं जागच्या जागी. टाचेतला काटा गावच्या नर्सनं आधीच काढून टाकला होता.

हे सरांनी फोनवर सांगितलं तेव्हा पिरी मशीनवर होती. सुई पट्टीवरून उतरून कापडात भलतीकडंच चालत गेली. दोन महिन्यांनी कळलं, वैजयंतीचं लग्न ठरलं. खेळ होता म्हणून बाप थांबला होता, आता कशाला थांबायचं?

पिरी वळसंगला गेली. का गेली ते तिला नीट सांगता आलं नसतं. वैजयंतीनं दार उघडलं, पाणी दिलं, चहा टाकला. पिरी म्हणाली, "माझं चुकलं गं."

"तुमी चांगल्यासाठीच केलं की, ताई," वैजयंती म्हणाली आणि चहा गाळायला आत गेली. तिनं वर बघितलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर सोसलं असतं, असं पिरीला झालं.

सिद्धलिंगप्पा ओट्यावर बसला होता. तो म्हणाला, "तुमी गप ऱ्हायला असता आन पोरीचा पाय मोडला असता, तर आमी तुमालाच बोललो असतो. आता पाय धड हाय तरी बोलतोय. तुमचं काय चुकलं ते मला सांगता येत न्हाय, बाई. पर हिकडं परत येऊ नका."

पिरी उठली. उठताना गुडघा अडकला. भिंत धरून ती थोडा वेळ तशीच उभी राहिली, आणि ती नीट उभी राहीपर्यंत बापलेक दोघं दुसरीकडं बघत राहिले.

त्यानंतर ती मैदानावर गेली नाही. सर दोनदा घरी येऊन गेले, तिनं मोरीतून बाहेर यायचं टाळलं. त्या दिवशी वळसंगहून ती घरी आली तेव्हा कस्तुराबाई दारात शेरडांना पाला टाकत होती.

"काय म्हनली पोर?" तिनं विचारलं.

"चहा दिला," पिरी म्हणाली, आणि आत जाऊन पाय लांब करून बसली.