चंद्रावर वहिवाट लागत नाही

सोलापुरात कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हाची ही गोष्ट. सकाळी कॉलेज, अकरापासून सिटी सर्व्हे ऑफिसात कारकुनी. एका पेपरासाठी प्रत्येकाने कुठल्याही एका कायद्यावर निबंध लिहायचा आणि तोंडी परीक्षेत त्यावर उत्तरं द्यायची, असं होतं. मी विषय दिला, चंद्र आणि ग्रहांवरचा कायदा.

सरांनी कागद परत केला. “जमीन महसूल कायदा घ्या. तुमच्या रोजच्या कामातला आहे.”

“रोजचा आहे म्हणूनच नको, सर.”

कॉलेजच्या ग्रंथालयात त्यावर एकच पुस्तक होतं, आणि त्यातली सदुसष्ट सालच्या अंतराळ कराराची पानंच कुणीतरी फाडलेली. मी रजा टाकली, पहाटेच्या गाडीने पुण्याला गेले आणि एका ग्रंथालयात बसून सतराच्या सतरा कलमं हाताने उतरवून आणली.

रविवारी मंद्रूपला घरी गेले. आप्पा, माझे वडील, शेतकरी; शाळा चौथीपर्यंत. त्यांना दुसरं कलम मराठीत सांगताना मी अडखळले. वापर करून किंवा कब्जा घेऊन कुठल्याही देशाला चंद्र आपला म्हणता येणार नाही, असं कसंबसं जुळवलं.

“म्हंजी तितं वहिवाट लागत न्हाय व्हय?” आप्पा म्हणाले. “बरं केलं की. न्हायतर आदी नांगर घालंल त्येचंच झालं असतं.”

निबंध इंग्रजीत होता, तरी ‘वहिवाट’ हा शब्द मी मराठीतच लिहिला.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक निवृत्त न्यायाधीश आले होते. निबंध चाळून त्यांनी विचारलं, “बाई, तुम्ही चंद्रावर जाणार आहात का?”

मागे बसलेली मुलं हसली. माझे कान तापले.

“नाही, सर. ज्यांना जाणं जमणार नाही त्यांच्यासाठीच पहिलं कलम आहे. देश गरीब असो, मागे पडलेला असो, फायदा सगळ्यांचा व्हायला हवा. आपण त्यातलेच. आपणच ते वाचलं नाही तर वाचणार कोण?”

त्यांनी निबंधाचं एक पान उलटलं. “आणि तिथून आणलेले दगड कुणाचे?”

“करारात स्पष्ट लिहिलेलं नाही. लिहायला हवं होतं.”

त्यांनी मान हलवली आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

निकालात त्या पेपराला पहिला वर्ग मिळाला, बाकीच्यांत जेमतेम दुसरा. वकिलीची सनद आली त्याच महिन्यात मी ऑफिसात राजीनामा दिला. सरकारी नोकरी सोडली म्हणून घरात दोन दिवस धुसफूस चालली. तिसऱ्या दिवशी मी काळा कोट शिवायला टाकला.